बाहीकडे जाणारा हात

(दृश्य : मुलाखतीबाहेरची खोली. बसलेल्या तरुणाचे फक्त हात.)

हे हात बघा. आत बोलावणं यायला अजून दहा मिनिटं आहेत. उत्तरं त्याची तोंडपाठ आहेत, पण उजवा हात सारखा डाव्या बाहीकडे जातोय. ब्लेझर मोठ्या भावाचा आहे. बाही मनगटाखाली दोन बोटं उतरते. तो ती वर सारतो, हात मांडीवर टेकवतो, बाही पुन्हा खाली. आत गेल्यावरही त्याचं अर्धं लक्ष तिथेच अडकून राहणार.

कपडे आणि आत्मविश्वास म्हटलं की लोक रंग सांगतात, ब्रँड सांगतात, 'पॉवर ड्रेसिंग' सांगतात. आपण जरा या बाहीपाशीच थांबू.

१९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एकेकटं खोलीत पाठवलं. कुणाला घालायला स्वेटर दिला, कुणाला पोहण्याचे कपडे. समोर आरसा. आणि मग गणिताची चाचणी. पोहण्याचे कपडे घातलेल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी गुण पडले. मुलांमध्ये अशी घसरण दिसली नाही. गंमत म्हणजे खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. संशोधकांचं म्हणणं असं, की बघणारं कुणी नसतानाही मुली स्वतःकडे बाहेरून बघत होत्या आणि आकडेमोडीसाठी लागणारं लक्ष त्यात खर्ची पडत होतं. लहानपणापासून ऐकलेले किती शेरे त्या आरशात उभे असतील, कोण जाणे.

बरं, बघणारे खरोखर किती बघतात?

कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. २००० साली ते प्रसिद्ध झालं. एकेका विद्यार्थ्याला गायक बॅरी मॅनिलोचा भलामोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या वयाच्या मुलांमध्ये तो घालून जाणं म्हणजे फजितीच. तसंच त्याला इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं, थोड्याच वेळात बाहेर बोलावलं आणि विचारलं, हा चेहरा कितीजणांच्या ध्यानात आला असेल? अंदाज होता, निम्म्यांच्या तरी. प्रत्यक्षात जेमतेम चारांतल्या एकाच्या. पुढे ज्यांचा अभिमान वाटेल अशा व्यक्तींचे टी-शर्ट घालायला दिले, तरी अंदाज फसलाच. म्हणजे लाजणंही फुकट आणि मिरवणंही!

याच मालिकेत आणखी एक छोटी गोष्ट हाती लागली. तो टी-शर्ट घालून थोडा वेळ थांबून मग खोलीत गेलेल्यांना आपल्याकडे तितकीशी माणसं बघताहेत असं वाटलं नाही. कपडा अंगवळणी पडला होता. आपल्या तरुणाने तो ब्लेझर आदल्या संध्याकाळी घरातल्या घरात तासभर घातला असता, तर? बाही लांबच राहिली असती. हात कदाचित तिकडे गेला नसता.

आता उलटी बाजू. २०१२ मध्ये हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी एकच पांढरा कोट काहींना डॉक्टरचा म्हणून घातला, काहींना चित्रकाराचा म्हणून. डॉक्टरचा समजून घालणाऱ्यांनी दोन चित्रांमधले फरक जास्त शोधून काढले. हा प्रयोग जगभर गाजला. पण त्याच शोधनिबंधातला पहिला प्रयोग २०१९ मध्ये मोठ्या गटावर पुन्हा करून पाहिला, तेव्हा परिणाम दिसला नाही. त्यामुळे 'सूट चढवा, डोकं आपोआप चालेल' असं सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

पण कपडा नुसता लक्ष खातो, एवढंच त्याचं काम नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच 'मी' या गोष्टीत शरीराच्या पाठोपाठ कपडे मोजले होते. आणि ते काढून घेतले की काय होतं, हे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी एका मनोरुग्णालयात वर्षभर वावरून पाहिलं. दाखल होणाऱ्याचे कपडे जातात, कंगवा जातो, दाढीचं सामान जातं. माणूस रोज सकाळी स्वतःला ज्यातून उभं करतो, ते सगळं. १९६१ मध्ये त्यांनी हे लिहिलं. साध्या रुग्णालयातही त्याची थोडी झलक दिसते.

(दृश्य : रुग्णालयातली खोली. खाटेवर कपड्यांची पिशवी.)

हे गृहस्थ बारा दिवस मागे नाड्या असलेल्या झग्यात होते. चालताना एक हात कायम पाठीशी, झगा धरून. डॉक्टर काही विचारायचे, तेव्हा ते मुलाकडे बघायचे. उत्तर मुलगाच द्यायचा.

आज घरी सोडणार आहेत. पिशवीतून स्वतःचा शर्ट निघतो. सलाईनच्या सुईने मनगटाजवळ काळंनिळं झालंय, बटणं लावायला वेळ लागतो. मुलगा पुढे होतो, ते मानेनेच नको म्हणतात. पॅन्ट ढगळ झालीये, पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागतो. मग बाह्या. कोपराखाली दोन घड्या, नेहमीसारख्या.

डॉक्टर दारात येतात आणि सवयीने मुलाला गोळ्यांच्या वेळा सांगू लागतात.

"मला सांगा," गृहस्थ म्हणतात. आणि मुलापुढे हात करतात, कंगव्यासाठी.