स्वतःच्या सर्व्हरवरची सभा

(दृश्य : बडोद्यातील दांडिया बाजार, संध्याकाळ)

आजी-आजोबा बडोद्यात, मुलगा पुण्यात आणि नातवंडे परदेशात, ही मांडणी बडोद्याच्या मराठी घरांना नवी राहिलेली नाही. त्यामुळे अभिवाचन असो, मुलांचा मराठीचा वर्ग असो वा मंडळाची वार्षिक सभा, अनेक जण पडद्यावरूनच हजर होतात. मात्र या सभा परक्या जागेत, म्हणजे खासगी कंपन्यांच्या व्हिडिओ-सेवांवर भरतात. मोफत योजनेची मुदत संपली की चर्चा मध्येच तोडावी लागते आणि कंपनीने नियम बदलले तर ते निमूटपणे स्वीकारावे लागतात. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ज्या संस्थानात सार्वजनिक वाचनालयांचे जाळे विणले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या, त्या संस्थानाच्या राजधानीतील मंडळांनी आपल्या संवादाचे साधनही आपल्या हाती ठेवावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

(दृश्य : ब्राउझरमध्ये उघडलेली जित्सी मीटची सभा)

त्यासाठी सर्वांत सोयीचे मुक्तस्रोत, म्हणजे मूळ आज्ञावली सर्वांना खुली असलेले साधन म्हणजे जित्सी मीट. २००३ साली स्ट्रासबर्ग विद्यापीठात एमिल इवोव्ह यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून ते वाढले. २०१८ पासून एट बाय एट ही कंपनी त्याचा सांभाळ करते. तरीही अपाची या मुक्त वापराच्या परवान्यामुळे त्याची आज्ञावली कोणालाही तपासता, बदलता आणि स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे सभा चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकावर, चालवता येते. संगणकावर दुवा उघडला की ब्राउझरमध्येच सभा सुरू होते, ही सोय ज्येष्ठ सभासदांसाठी फार मोलाची आहे.

याची रचना समजून घेण्यासारखी आहे. दहा जण एकमेकांना थेट चित्र पाठवू लागले, तर प्रत्येकाला आपले चित्र नऊ वेळा पाठवावे लागेल आणि घरगुती इंटरनेटला ते झेपणार नाही. जित्सीचा व्हिडिओब्रिज, म्हणजे सर्व्हरवरील चित्रे वाटणारा भाग, हा भार स्वतःकडे घेतो : प्रत्येकाने एकदाच पाठवायचे आणि ब्रिजने ते उरलेल्या नऊ जणांकडे पोहोचवायचे. सगळ्यांचे कॅमेरे चालू असतील, तर सर्व्हरवरून नव्वदपर्यंत प्रवाह बाहेर पडू शकतात. म्हणून सर्व्हर भाड्याने घेताना रॅमइतकेच बँडविड्थकडे, म्हणजे इंटरनेट-जोडणीच्या वहनक्षमतेकडे लक्ष द्यावे. लहान संस्थेला ४ जीबी रॅम बहुधा पुरते. अभिवाचनात वाचकाव्यतिरिक्त इतरांनी कॅमेरे बंद ठेवले, तर हा भार पुष्कळच उतरतो.

जित्सीच्या सार्वजनिक संकेतस्थळावरही सभा घेता येते. परंतु २०२३ पासून तेथे सभा सुरू करणाऱ्याला गूगल, फेसबुक किंवा गिटहबच्या खात्याने प्रवेश करावा लागतो. शिवाय एरवी संभाषण सभासदापासून सर्व्हरपर्यंतच कूटबद्ध, म्हणजे इतरांना न उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात असते, सर्व्हरवर ते उलगडले जाते. दोन्ही टोकांपर्यंतचे कूटबद्धीकरण हवे असल्यास ते वेगळे सुरू करावे लागते आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये ते चालतेच असे नाही. म्हणूनच सर्व्हर कोणाचा, हा प्रश्न आम्ही महत्त्वाचा मानतो.

मुलांच्या मराठीच्या वर्गासाठी मात्र आम्ही बिगब्लूबटन हे दुसरे मुक्तस्रोत साधन सुचवू. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात २००७ साली त्याची सुरुवात अध्यापनासाठीच झाली. शिक्षिकेने फळ्यावर जोडाक्षरे लिहावीत, मुलांना छोट्या गटांत पाठवावे, सामायिक टिपणवहीत त्यांच्याकडून वाक्ये लिहून घ्यावीत, हे सारे त्यात एकाच ठिकाणी होते. त्याला १६ जीबी रॅमचा सर्व्हर लागतो, त्यामुळे दोन-तीन मंडळांनी मिळून तो चालवणे शहाणपणाचे ठरेल. चार-पाच नातेवाइकांच्या गप्पांसाठी कोणत्याही मध्यवर्ती सर्व्हरवर न विसंबणारे जामी हे साधन पुरेसे आहे.

सॉफ्टवेअरला पैसे पडत नसले, तरी सर्व्हरचे भाडे, डोमेनचे (इंटरनेटवरील पत्त्याचे) नूतनीकरण आणि सुरक्षा-सुधारणा यांची जबाबदारी मंडळावर येते. ही जबाबदारी एकट्या उत्साही तरुणावर सोपवू नये, कारण तो नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला की सभाच थांबते. सर्व्हरचे अधिकार किमान दोघांकडे असावेत, अद्ययावतीकरणाचा दिवस ठरलेला असावा आणि खर्च मंडळाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र नोंदलेला असावा.