नवं सॉफ्टवेअर आणि आजीचं गोंदण

(इंदूरच्या छायाचित्रकारांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, आमंत्रणावर विषय छापलाय, 'नवं एडिटिंग सॉफ्टवेअर कामात कसं बसवावं'. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नव्या सॉफ्टवेअरला एकच काम द्या. ते काम कितव्या पायरीवर बसतं हे ठरेपर्यंत गिऱ्हाइकाच्या फोटोंना त्याचा हात लागू देऊ नका.

इंदुरात बसून फोटोबद्दल बोलायचं तर जुन्या काळचे छायाचित्रकार लाला दीनदयाळांचं नाव घ्यायलाच हवं. रुडकीला शिकून ते इथल्या बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि १८७४ च्या सुमारास इथेच त्यांनी कॅमेरा हातात घेतला. इथले महाराज दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आश्रय दिला. त्या जमान्यात काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग, म्हणजे चेहऱ्याची डागडुजी, व्हायची. म्हणजे चेहरा सुधारायची हौस जुनीच आहे. पण पेन्सिल धरणारा एकेक चेहरा डोळ्यांसमोर धरून बसायचा, हे लक्षात घ्या.

गेल्या लग्नसराईत एक कुटुंब माझ्याकडे अल्बम घेऊन आलं. काम दुसऱ्याचं होतं, कुणाचं ते सांगणार नाही. नवरीच्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. अल्बममध्ये आजीचा चेहरा गुळगुळीत आणि गोंदण गायब! सॉफ्टवेअरने ते डाग समजून पुसलं होतं. हनुवटीवरच्या तीन ठिपक्यांपैकी अंतरपाटाजवळच्या फोटोत एक उरला होता, पंगतीच्या फोटोत एकही नाही. नात म्हणाली, "काका, ही आमची आजीच नाही." मूळ फाइली मागितल्या तर त्या उडवून टाकलेल्या. डिस्कवर जागा नव्हती म्हणे! मला त्याचा अजून राग येतो. अहो, कितीतरी घरांत आजीचा नीट काढलेला फोटो नातीच्या लग्नातलाच असतो. पुढे तोच फ्रेम होऊन भिंतीवर लागतो. पणतवंडं आजीला ओळखणार ती त्याच फोटोवरून. तुम्ही हसताय, पण आज घरी गेल्यावर आपल्या आजीचा फोटो जवळून बघा. डोळ्याखालचा तीळ, गालावरची ती एक सुरकुती, यातलं काय पुसलेलं तुम्हाला चालेल?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. वेळ संपत आलीय, तेव्हा भरभर सांगतो.

अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, टिपताना आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० वर जातो आणि फोटोत दाणे येतात. ते काढणारं सॉफ्टवेअर सगळ्यात आधी, थेट रॉवर, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइलवर, चालवा. आधी शार्पनिंग केलंत, म्हणजे कडा धारदार केल्यात, तर दाणेही उठून दिसतात. यातली बरीच सॉफ्टवेअरं लिनिअर डीएनजी नावाची नवी फाइल देतात. त्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, नंतरही बदलता येतो, पण दर पिक्सेलमागे तिन्ही रंग साठवल्यामुळे फाइल फुगते. म्हणून आधी निवड उरका आणि निवडलेल्यांवरच ते चालवा.

त्वचेचं सॉफ्टवेअर येतं रंग आणि उजेड ठरल्यानंतर. तेही १६ बिट टिफ या मोठ्या, तपशील राखणाऱ्या फाइलवर, वेगळ्या लेअरमध्ये (फोटोवरच्या वेगळ्या थरात), म्हणजे गोंदणावर मास्क घालून, तेवढा भाग झाकून, ते वाचवता येतं. २४ मेगापिक्सेलचं असं टिफ एका लेअरचंच १४४ एमबीच्या आसपास जातं, तेव्हा फक्त अल्बमच्या फोटोंसाठी करा. शार्पनिंग शेवटी, प्रिंटच्या मापाप्रमाणे. पोह्यांवर शेव आपण प्लेटमध्ये घालतो, कढईत घालत नाही.

लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फोटोंना दिलेले स्टार आणि कीवर्ड एक्सएमपी या माहितीच्या नोंदीमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वाचता येतात, रंग-उजेडाचे बदल मात्र सहसा जसेच्या तसे जात नाहीत. म्हणून अर्धं लग्न एका सॉफ्टवेअरमध्ये, अर्धं दुसऱ्यात असं करू नका. लाइटरूमचा जुना कॅटलॉग, म्हणजे फोटोंची आणि बदलांची नोंदवही, आहे तसा ठेवा.

चाचणी घ्यायची ती देऊन झालेल्या जुन्या कामावर. १२ बाय १८ इंचांचे दोन प्रिंट काढा, एक जुन्या पद्धतीचा, एक नव्या. शेजारी ठेवून त्या घरच्याच माणसांना दाखवा. आणि रॉ फाइली दोन डिस्कवर राहू द्या, अल्बम घरी पोचला तरीही. प्रश्न चहाच्या वेळी घेऊ.