रात्री साडेअकराचा दवाखाना

श्रोतेहो, नमस्कार. रात्री कुत्रं किंवा मांजर घेऊन धावत दवाखाना गाठायचा, तासभर बाकावर बसायचं, आत दोन इंजेक्शनं, हातात बिल आणि घरी आल्यावर जनावराचं जैसे थे. या तक्रारीत पुष्कळदा तथ्य असतं. पण बराच खेळ काउंटरवर आपण बोलतो त्या पहिल्या वाक्यातच बिघडतो.

त्याआधी फोन. पाटीवर ‘चोवीस तास’ लिहिलं असलं तरी डॉक्टर आत आहेत की घरून बोलवावे लागतील, ते विचारा. ऑक्सिजन, एक्स-रे, सोनोग्राफी रात्री मिळते का? आणि जनावर ठेवून घेतलं तर रात्रभर जवळ कोण असतं? हा शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. सलाइन लावून, कुलूप घालून सगळे घरी गेले, तर ती भरती कसली? शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक आहे, पण ती सोय मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यामेंढ्यांसाठी आहे; तिच्या भरवशावर घरी थांबू नका.

गाडीखाली आलेलं कुत्रं काखेत धरून उचलू नये, मणका किंवा कंबर मोडली असेल तर अधिकच दुखावते. आपल्या घरात सोलापुरी चादर असतेच. ती जमिनीवर पसरा, कुत्र्याला पाठीच्या बाजूने अलगद सरकवत तिच्यावर घ्या आणि दोघांनी दोन-दोन टोकं ताणून धरा. वीण जाड असल्यानं झोळ कमी पडतो. मे महिन्यात ऊन लागलेल्या कुत्र्याला मात्र आधी गार करा, मग गाडीत घाला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, तेव्हा माठातलं किंवा सावलीतल्या बादलीतलं घ्या. बर्फ नको. ताप १०३ फॅरनहाइटवर उतरला की पाणी थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा जास्त गार पडतं.

आता काउंटर. तिथं आल्याच्या क्रमानं नव्हे, तर जिवाच्या धोक्याप्रमाणे नंबर लागतो, निदान लागायला हवा. त्यासाठी धोका कळला पाहिजे. बोक्याचं उदाहरण घ्या. तो पुन्हा पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जातो, कुंथतो, ओरडतो. घरचे म्हणतात, ‘पोट साफ होत नाही.’ कुणीतरी दूध पाजतं, कुणी एरंडेल. काउंटरवरही हेच वाक्य सांगितलं जातं आणि बोका रांगेत शेवटी बसतो. प्रत्यक्षात लघवी तुंबलेली असते. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. बारीक खडे आणि चिकट स्राव यांचं बूच तिथं बसतं. मग रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून वाक्य असं हवं: ‘बोका आहे, सकाळपासून लघवीचा थेंब नाही, दोनदा उलटी झाली.’ मोबाइलवर कुंथतानाचा व्हिडिओ असेल तर तो दाखवा.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून मूत्राशय चाचपायला हवं. तुंबलेलं असेल तर मोसंबीसारखं टणक लागतं. पुढे भूल देऊन नळी, सलाइन, रक्ततपासणी, आणि एक ते तीन दिवस भरती. पोटाला हातही न लावता फक्त अँटिबायोटिक आणि वेदनाशामक देऊन घरी पाठवलं, तर ती तक्रार रास्त आहे. आधीच त्रासलेल्या मूत्रपिंडांना काही वेदनाशामकं आणखी जड जातात. घरी काही दिलं असेल तर लपवू नका. माणसांची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यानं बेदाणे खाल्ले असतील तर किती आणि कधी ते सांगा. पंढरपूर-बार्शीकडच्या द्राक्षपट्ट्यातल्या घरांत हे सहज घडतं. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढू नका, मीठच बाधतं.

पैशांची गोष्ट संकोचाची, पण जनावर टेबलावर चढवण्याआधीच ती बोला. एकच आकडा नको; कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. झेपत नसेल तर सरळ विचारा, ‘आजची रात्र काढायला कमीत कमी काय लागेल?’ कागदावर वजन, ताप, औषधाचं नाव, मात्रा आणि दिल्याची वेळ लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांना याच कागदाचा आधार लागतो.

तक्रारीलाही तोच कागद. जनावर वाचलं नाही म्हणजे हलगर्जी झालीच, असं नाही. तपासणीच केली नाही, लिहून दिलं नाही, न केलेल्या कामाचे पैसे लावले, तर आधी दवाखान्याला लेखी विचारा. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल राज्य पशुवैद्यक परिषद आहे. पैसे घेऊन दिलेली सेवा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि दवाखान्याला दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर दाव्याचं शुल्क नाही.

आणि नळी काढून बोका घरी आला, की काही दिवस ट्रेमधल्या वाळूचे ओले गोळे मोजा. दिवसाला दोन-तीन मोठे गोळे दिसले तर ठीक. ट्रेमध्ये जाऊन नुसते थेंबभर ओले ठिपके पडू लागले, तर बूच पुन्हा बसतंय. सकाळ होण्याची वाट न पाहता गाडी काढा.