हीट सिंकच्या फिन जास्त असल्या तर तो जास्त थंड करतो का?

नमस्कार मंडळी! हे बघा, दोन हीट सिंक, म्हणजे तापणाऱ्या भागातली उष्णता ओढून हवेत सोडणारे धातूचे ठोकळे. दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, तळ सारखाच. डाव्याला फिन, म्हणजे या पट्ट्या, मोजून 12. उजव्याला तिप्पट. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीला लावायचाय, फॅन नाही. कुठला घ्याल?

मी उजवा घेतला होता. तासाभरात अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद!

पावसाळ्यात दोरीवर कपडे एकाला एक खेटून टाकले तर मावतात खूप, वाळत मात्र नाहीत. इथेही तेच झालं. गरम पट्टीला हवेचा एक थर लगटून असतो, आणि वर जाता जाता तो जाड होतो. पट्ट्या फार जवळ असल्या की समोरासमोरचे थर एकमेकांना भिडतात आणि मधली हवा तुंबते. तुंबलेली हवा म्हणजे जवळपास गोधडीच. अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने हवा उष्णता सात-आठ हजार पट कमी वाहून नेते.

मग फट किती ठेवायची? पट्टी 100 मिमी उंच असेल आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा 40 अंश गरम असेल, तर साधारण 6 ते 7 मिमी. फॅन असेल तर दीड-दोन मिमीतही भागतं, कारण हवा जबरदस्तीने आत ढकलली जाते. म्हणजे उजवा वाईट नव्हता, मीच त्याला चुकीच्या जागी बसवला.

आता पट्टीची लांबी, म्हणजे ती तळापासून किती बाहेर येते ते. 1 मिमी जाड, 50 मिमी लांब पट्टी घ्या. फॅन नसताना ती टोकापर्यंत जवळपास सारखीच तापते, 90 टक्क्यांच्या वर कामाला येते. फॅन जोरात लावला की बरीच उष्णता बुडाकडेच निघून जाते, टोकापर्यंत कमी पोचते. एकूण थंडावा वाढतो, पण पट्टी सत्तर टक्क्यांच्या आसपासच राबते. म्हणून चांगली पट्टी बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती असते. टोकाला धातू घालून उपयोग काय?

(कॅमेरा जवळ) हे खिळ्यांसारखे दिसतात ते पिन फिन. वारा कुठून येणार हे ठाऊक नसेल तर हे बरे, कुठल्याही बाजूने हवा आत शिरते. सरळ पट्ट्यांना दिशा सांभाळावी लागते. बुलेटच्या सिलिंडरवरच्या फिन आडव्या असतात, कारण वारा समोरून येतो. सिग्नलला थांबलात की त्याच आडव्या फिन गरम हवेला वर जाऊ देत नाहीत. मांडीला चटका बसतो तो उगाच नाही!

तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला वारा नसतो. तिथे पट्ट्या उभ्या हव्यात, आणि वर-खाली जागा मोकळी. फडताळात कोंबलात तर डावा काय नि उजवा काय.

माझा डावा आता अ‍ॅम्प्लिफायरवर आहे. उजव्यावर जुन्या पीसीतला फॅन बसवलाय, आणि तो पॉवर सप्लाय थंड ठेवतोय. आवाज येतोय ना मागून? तोच तो.