दगडी घरातला दगड कुठे गेला?

या मालेत मी दगडी घरावर बोलावं असं ठरलं होतं. आणि आता पडद्यावर बघा, दगड शोधावा लागतोय! इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातलं हे हार्डविक हॉल. 'हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल' असं यमक तिकडे लोकांच्या तोंडी आहे. भिंत थोडी, काचच फार.

बांधकाम 1590 ते 1597 या काळातलं. मालकीणबाई बेस ऑफ हार्डविक, म्हणजे श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ. चार लग्नं केली, चारही नवरे तिच्या आधी गेले आणि संपत्ती वाढत गेली. सहा मनोऱ्यांच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दगडात कोरलेली दोन अक्षरं दिसतात, ई आणि एस. तिच्याच नावाची. संकोच हा बाईंचा गुण नव्हता.

त्या काळी काच अतिशय महाग. मोठी तावदानं करताच येत नसत. छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे आणि ती जाळी दगडाच्या उभ्या-आडव्या दांड्यांमध्ये अडकवायची. वालुकाश्म तर टेकडीच्या पायथ्यालाच मिळत होता. म्हणजे दगड घरचा होता, श्रीमंती दिसायची ती काचेतून.

आता मुख्य अडचण. बाहेरची भिंत खिडक्यांनीच खाऊन टाकली, तर शेकोट्यांची धुराडी न्यायची कुठून? आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो. हा मूळचा पाथरवट. त्यामुळे दगडाकडून किती काम करून घेता येतं, हे त्याला हातानं माहीत होतं. बहुतेक धुराडी त्यानं घराच्या पोटातल्या जाड भिंतींमधून वर नेली. दगड नाहीसा झालेला नाही, तो आत गेलाय! तरी काही ठिकाणी हिशेब जुळला नाही. तिथे बाहेरून खिडकी दिसते आणि काचेमागे चक्क धुराडं आहे. बाहेरची सममिती मोडायची नाही म्हणून केलेली ही लबाडी. मला तर ती फार आवडते.

खिडक्यांची उंची बघा. खाली बेताची, मधे जास्त, सगळ्यात वर सर्वांत मोठी. तळमजला नोकरचाकरांचा, मधला कुटुंबाचा, वरचा राणी आली तर तिच्या स्वागताचा. मान कुणाचा किती, हे दारात उभं राहूनच कळतं. तेव्हाची राणी पहिली एलिझाबेथ मात्र कधी आलीच नाही.

आत शिरलात की दिवाणखाना घराच्या लांबीला समांतर नाही, पुढून मागे आरपार गेलेला आहे. इंग्लंडमध्ये ही मांडणी तेव्हा नवी होती. तिथून दगडी जिना वळणं घेत, कधी अंधारात कधी उजेडात, वरच्या मजल्यावर नेतो. वरच्या लांबलचक दालनात बायबलमधल्या गिडियन या योद्ध्याच्या कथेचे विणलेले पडदे आहेत. बेसनं ते दुसऱ्या एका सरदार घराण्याकडून घेतले. त्यांच्यावर त्या घराण्याचं चिन्ह होतं, ते बदलावं लागणार म्हणून तिनं किमतीत 5 पौंड कमी करून घेतले.

एवढ्या काचेत हिवाळा कसा काढत असतील? 1601 मध्ये घरातल्या सामानाची यादी केली गेली, ती आजही उपलब्ध आहे. सत्तरी ओलांडलेल्या बेसच्या शयनगृहातल्या वस्तूंमध्ये खिडक्यांवर टांगायच्या गोधड्या नोंदवलेल्या आहेत.