सुकं मटण, सुका बोंबील आणि ड्राय वाईन

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय: वाईन तर पातळ असते, मग ती ड्राय कशी? बरोबर आहे, नाशिककरांना हा प्रश्न पडायचाच. गंगापूर धरणाकडे टेस्टिंगला गेलं की हा शब्द आधी कानावर येतो.

ड्राय म्हणजे कोरडा. टॉवेल, त्वचा, हवा. हे शाळेत झालंय, पुढे चला.

खरी मेख अशी की ड्राय म्हणजे 'काहीतरी नाही'. काय नाही, ते पुढचं नाम ठरवतं. आपल्या सुक्या मटणात रस्सा नसतो. मटण कोणी उन्हात वाळवलेलं नसतं. ड्राय कफमध्ये बेडका नाही. ड्राय डेला दारू नाही, मग बाहेर धो धो पाऊस का पडेना. ड्रायक्लीनिंगमध्ये पाणी नाही, पण कपडा रसायनात चांगला भिजतो. तसं ड्राय वाईनमध्ये साखर नाही. द्राक्षरसातली साखर यीस्ट खातं, तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतं. साखर जवळपास संपली की वाईन ड्राय.

आता कमेंटवाल्यांनो, ऐका. रेड वाईनने तोंड आकसतं, कच्च्या सुपारीसारखं, ते टॅनिनमुळे. टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, साखरेशी त्याचा संबंध नाही. 'तोंड कोरडं पडलं म्हणजे वाईन ड्राय' हे डोक्यातून काढा.

आणि बोंबील? तो सुकाच, पण वाळवलेला. मराठीत दोन्हीला 'सुका' चालतं, इंग्रजीत चालत नाही. ओलावा काढून टाकला असेल तर ड्राइड: ड्राइड फिश, ड्राइड चिलीज. बेदाणे म्हणजे ड्राइड ग्रेप्स. 'ड्राय ग्रेप्स' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, द्राक्षं धुऊन पुसून ठेवलीत. काजू-बदामाला ड्रायफ्रूट म्हणणं ही आपल्याकडची इंग्रजी. इंग्लंडमध्ये ड्राइड फ्रूट म्हणजे बेदाणे, जर्दाळू, अंजीर. बदाम तिथे नट्समध्ये जातो.

शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला, 'dryge'. दुष्काळाचा 'ड्राउट' आणि पाणी काढून टाकणारा 'ड्रेन' त्याचेच भाऊबंद.

आता दुकानात हमखास फसवणारी गोष्ट. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुडे येणाऱ्या वाईनच्या बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' दिसलं की सगळ्यात कमी गोड समजून उचलू नका. युरोपच्या नियमात 'ब्रूट' लिहिलेल्या बाटलीत लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17, आणि नुसत्या ड्रायमध्ये 17 ते 32! एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन इतकी गोड असायची की तिच्यापुढे इतक्या साखरेची वाईनसुद्धा ड्राय ठरली. नावं तीच राहिली. गोडी नको असेल तर ब्रूट मागा. त्याहून कमी हवी असेल तर 'एक्स्ट्रा ब्रूट'. 'एक्स्ट्रा'च्या पुढचा शब्द नीट वाचून घ्या.