घाटाचे पाणी, समुद्राचा वायू

(दृश्य : संध्याकाळ. महात्मा फुले मंडईचा दर्शनी भाग. एकेक दिवा लागत जातो.)

मुंबईत वीजपुरवठा बंद पडला की 'वीज गेली' असे सहसा कोणी म्हणत नाही. पंखा थांबलेला असतो, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली असते, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलेले नसते. तरीही जिन्यातून आवाज येतो तो 'लाईट गेली' असाच, आणि दरमहा दारात पडणारा कागदही 'लाईट बिल'च असतो. वीज या शहरात सर्वप्रथम उजेड म्हणून आली, याची ही भाषेने जपलेली खूण आहे. मात्र वीज येण्यापूर्वी चाळीस वर्षे मुंबईचे रस्ते उजळण्याचे काम गॅसकडे होते. पुढे विजेने गॅसला रस्त्यावरून हटवले, आणि अनेक दशकांनी त्याच रस्त्यांखालून गॅस पुन्हा शहरात आला, या वेळी स्वयंपाकघरासाठी. या दोन पुरवठ्यांचा इतिहास आणि त्यांचे आजचे कामकाज आपण या माहितीपटात पाहणार आहोत.

(दृश्य : माझगाव, जुन्या गोदीची भिंत.)

माझगावच्या गोदीतील जहाजबांधणीचे अभियंते अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी १८३४ मध्ये स्वतःच्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. हा एका घरापुरता केलेला प्रयोग होता. सार्वजनिक रस्त्यांवर गॅसबत्त्या येण्यास आणखी तीन दशके लागली. बंदिस्त भट्टीत, हवा लागू न देता दगडी कोळसा तापवला की त्यातून ज्वलनशील वायू सुटतो आणि मागे कोक व डांबर उरते. हा वायू धुऊन, टाकीत साठवून, बिडाच्या नळांतून रस्त्यावरच्या खांबांपर्यंत नेला जात असे. ऑक्टोबर १८६५ मध्ये एस्प्लनेड, चर्चगेट रस्ता आणि भेंडीबाजार या भागांत हे दिवे प्रथम लागले, तेव्हा खांबामागून खांब पेटवत जाणाऱ्या कामगारांच्या मागे बघ्यांची गर्दी चालत होती. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे कापसाची तेजी कोसळून मुंबईच्या अनेक पेढ्या त्याच वर्षी बुडाल्या होत्या, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या संध्याकाळच्या गर्दीचे अप्रूप अधिक कळते. हा वायू पुरवणाऱ्या बॉम्बे गॅस कंपनीच्या त्या काळाची आठवण लालबागमध्ये आजही आहे. 'गॅस कंपनी' हे नाव तिथल्या पत्त्यांतून अजून गेलेले नाही.

विजेचा पहिला प्रयत्न फसला. १८८२ मध्ये ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने नगरपालिकेशी करार करून क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, विजेचे दिवे लावले. पण पुढच्याच वर्षी ती कंपनी बंद पडली आणि मंडईत पुन्हा गॅसबत्त्या पेटल्या. खरी सुरुवात झाली ती १९०५ मध्ये, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाल्यावर. 'बेस्ट' हे नाव त्याच कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांतून आले आहे. तिने वाडीबंदर येथे ४,३०० किलोवॉट क्षमतेचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभारले आणि ७ मे १९०७ रोजी शहरात विजेची ट्राम धावू लागली. त्यापूर्वी, १८७४ पासून, ट्राम घोडे ओढत असत.

विजेचा हा उजेड सर्वांना सारखाच सुखाचा ठरला नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. कापड गिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी कामाचा दिवस सूर्यावर अवलंबून होता आणि अंधार पडला की साचे, म्हणजे माग, थांबत. १९०५ च्या सुमारास दिवे आले आणि गिरणीमालकांनी कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत ताणले. कामगारांनी त्याविरुद्ध संप केले. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुष कामगारांचा दिवस कायद्याने बारा तासांवर आणायला १९११ साल उजाडावे लागले. गिरणगावाने वीज प्रथम अनुभवली ती अशी.

(दृश्य : लोणावळा, जुलै. धुके, वळवण धरणाचा जलाशय. पावसाचा आवाज.)

याच गिरण्यांना कोळशाऐवजी पाण्याची वीज देण्याची कल्पना मात्र घाटात जन्मली. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा बहुतेक पाऊस पूर्वेकडे वाहतो, इंद्रायणी आणि भीमेच्या वाटेने कृष्णेला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात जातो. पश्चिमेला मात्र, अवघ्या काही किलोमीटर अंतरावर, कडा थेट कोकणात उतरतो. माथ्यावरचे पाणी धरणात अडवून, पूर्वेऐवजी पश्चिमेला वळवून कड्यावरून खाली सोडले, तर पाचशे मीटरहून अधिक उंचीचा उतार हाती लागतो. डेव्हिड गोस्टलिंग या वास्तुविशारदाने मांडलेली ही योजना जमशेटजी टाटांनी उचलून धरली, परंतु १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम पुढच्या पिढीने पूर्ण केले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली, लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे जलाशय बांधले गेले, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले.

खोपोलीच्या केंद्रातली रचना समजायला सोपी आहे. जलाशयातले पाणी कालव्याने कड्याच्या टोकाशी येते आणि तेथून पोलादी नळांतून जवळजवळ सरळ खाली झेपावते. इतक्या उंचीवरून आलेल्या पाण्याचा दाब प्रचंड असतो. ते अरुंद तोंडातून धारेच्या रूपात चाकावरच्या पेल्यांवर आदळते, चाक फिरते आणि त्याच्या आसाला जोडलेले जनित्र वीज तयार करते. ही वीज १०० किलोवोल्ट दाबाने तारांवरून थेट परळला पोहोचत असे. त्या काळी, देशातील बहुतेक शहरे अजून कंदिलावर असताना, घाटातली वीज इतक्या लांब आणि इतक्या उच्च दाबाने नेणे हे मोठ्या हिमतीचे काम होते. पाठोपाठ ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचे आणि मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र आले. या तिन्ही केंद्रांची मिळून क्षमता आज सुमारे ४४७ मेगावॉट आहे. स्वस्त आणि भरवशाची वीज मिळू लागल्यावर १९२० च्या दशकात बेस्टने स्वतःची वीजनिर्मिती थांबवली आणि टाटांकडून घाऊक वीज घेऊन ती घरोघर पोहोचवण्याचे काम पत्करले.

(दृश्य : मुळशीचा जलाशय, दुपार. निवेदनाव्यतिरिक्त कोणताही आवाज नाही.)

मुळशीबद्दल मात्र घाईने पुढे जाता येणार नाही. नीळा आणि मुळा नद्यांच्या संगमावर धरण बांधायचे ठरले, तेव्हा सुमारे पन्नास गावांतील मावळ्यांची भातखाचरे आणि घरे पाण्याखाली जाणार होती. शेतकऱ्यांना पुरेशी कल्पनाही न देता काम सुरू झाले होते, आणि जमिनीवर सावकारांचा बोजा असल्याने मोबदल्यात कसणाऱ्याचा वाटा किती, हाही प्रश्न होता. एप्रिल १९२१ मध्ये, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. बायाबापड्या बांधकामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. १९२४ पर्यंत लढा विझला, धरण पूर्ण झाले आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज मुंबईकडे वाहू लागली. धरणग्रस्तांच्या चळवळींचा इतिहास लिहिताना महाराष्ट्र इथून सुरुवात करतो. मुंबईच्या विजेचा इतिहासही हे पान गाळून लिहू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

पाणी वळवण्याचा हा प्रश्न आजही जिवंत आहे. दुष्काळाच्या वर्षी भीमेच्या खोऱ्यातून मागणी येते की हे पाणी त्याच्या मूळ वाटेने पूर्वेला सोडावे. दुसरीकडे, वीज निर्माण करून बाहेर पडलेले हेच पाणी खोपोलीहून पाताळगंगेत, भिवपुरीहून उल्हास नदीत आणि भिऱ्याहून कुंडलिकेत जाते. अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील लोकांच्या नळाला उन्हाळ्यात येणाऱ्या पाण्याची भिस्त बरीचशी त्यावर आहे. शंभर वर्षांत पाण्याच्या दोन्ही बाजूंना माणसे वसली आहेत.

(दृश्य : तुर्भ्याचे (ट्रॉम्बेचे) औष्णिक केंद्र, खाडीपलीकडून. मग धारावीचे ग्रहण केंद्र.)

स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, महापालिकेने बेस्ट ताब्यात घेतली. ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची धावली. वीज आणि बस ही दोन कामे तेव्हापासून एकाच उपक्रमाकडे आहेत, आणि विजेतून उरलेल्या पैशांवर बसचा तोटा भरून काढण्याची पद्धत अनेक वर्षे चालली. बेस्टचा वीजपुरवठा कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंत, म्हणजे मूळ बेटावर, चालतो. उपनगरांत १९२९ मध्ये सुरू झालेली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी होती. मालकी बदलत ती २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटी झाली आहे. पाण्याच्या जोडीला १९५६ पासून तुर्भ्याचे औष्णिक केंद्र आले. तिथला एक १८० मेगावॉटचा संच नैसर्गिक वायूवर चालतो, म्हणजे ज्या गॅसला विजेने हटवले, तो आज वीज निर्माण करतो.

ग्रहण केंद्रात उच्च दाबाने आलेली वीज टप्प्याटप्प्याने उतरवली जाते: ३३ किंवा २२ किलोवोल्ट, मग ११ किलोवोल्ट, आणि गल्लीतल्या उपकेंद्रातून घरात २३० व्होल्ट. बेटावर खांबांवरच्या तारा जवळजवळ दिसत नाहीत, कारण केबल जमिनीखाली आहे. वादळात हे फायद्याचे ठरते, पण बिघाड झाला की तो डोळ्यांना दिसत नाही. उपकरणाने अंतर मोजून, रस्ता खणून, पाणी उपसून, मध्यरात्री गुडघाभर चिखलात उभे राहून जोड बांधावा लागतो. आपल्याला कळते ते इतकेच की लाईट आली.

देशाच्या ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्यात, मोठा बिघाड झाला तर मुंबईला त्यापासून अलग करून स्थानिक केंद्रांवर चालवण्याची व्यवस्था अनेक वर्षांपासून आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ती टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि शहर काही तास अंधारले. अशा वेळी जलविद्युत केंद्रांचे मोल कळते. कोळशाचा संच पूर्ण तापायला तास लागतात, तर पाण्याचे चाक काही मिनिटांत फिरू लागते.

(दृश्य : पिवळा नळ खंदकात उतरतो. कामगार टोके जोडत आहेत.)

आता गॅसकडे वळू. १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला, सुमारे १६० किलोमीटर समुद्रात, तेल आणि वायूचे क्षेत्र सापडले. त्यालाच आपण 'बॉम्बे हाय' म्हणतो. तिथला वायू समुद्रतळावरच्या नळांतून उरणला येऊ लागला, पण तो बहुतेक खतकारखाने आणि वीजकेंद्रांकडे गेला. घरांसाठी १९९५ मध्ये महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली. आज मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि रायगड परिसरात तिची वीस लाखांहून अधिक घरगुती जोडणी आहेत, आणि शहरातील रिक्षा, टॅक्सी, बेस्टच्या कितीतरी बस याच वायूवर धावतात.

वडाळ्यासारख्या प्रवेशकेंद्रावर वायू मोजला जातो आणि त्यात दुर्गंधी मिसळली जाते. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून हा उग्र वास मुद्दाम दिलेला असतो, आणि या साऱ्या व्यवस्थेत सामान्य माणसाचा जीव वाचवणारी सर्वांत स्वस्त गोष्ट हीच आहे. पुढे पोलादी नळांतून जास्त दाबाने, मग पिवळ्या प्लॅस्टिक नळांतून सुमारे ४ बार दाबाने वायू वस्त्यांत जातो आणि शेगडीपाशी पोहोचतो तेव्हा त्याचा दाब फक्त २१ मिलिबार उरतो. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. नळाचा वायू हलका असल्याने वर चढतो. म्हणून वास आला की झडप बंद करावी, खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या एकाही बटणाला हात लावू नये, कारण बटणातली बारीकशी ठिणगीही पुरते.

(दृश्य : लालबागमधली चाळ. भिंतीवरून वर जाणारा वायूचा नळ, जिन्याखाली मीटरची पेटी.)

रस्त्याखाली हे सारे दाटीवाटीने बसलेले आहे: ११ किलोवोल्टची केबल, पिवळा नळ, पाण्याची मुख्य वाहिनी, गटार. एकाने खणले की दुसऱ्याला धोका, म्हणून खोदकामाआधी प्रत्येक यंत्रणेचा नकाशा तपासावा लागतो, आणि पावसाळा तोंडावर आला की खोदकाम थांबवून खड्डे बुजवावे लागतात. जूनमध्ये इथले खंदक बंद होतात, त्याच सुमारास लोणावळ्यात वळवणचा जलाशय भरू लागतो.